नीलमची सव्वा मूठ

आमच्या शेजारच्या उषाबाई पाटलांनी मला आजवर काय काय दिलं ते सांगत बसले तर संध्याकाळ होईल. कुरडया, बिबडे, कळण्याच्या भाकरीचं पीठ, माझ्या ह्यांच्या गुडघ्याला लावायचं कसलंसं तेल, आणि न मागता पुष्कळ सल्ले. पण श्रावणातल्या कानबाईच्या रोटाचा एक घास त्यांनी मला कधी दिला नाही. सुरतेतल्या डिंडोलीत भिंतीला भिंत लावून वीस वर्षांवर काढली, तरी नाही. रोट फक्त कुळातल्यांनी खायचा असतो.

हे मी तक्रार म्हणून सांगते आहे असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे. मी साताऱ्याकडची, आमच्यात कानबाई नाही. ही खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. पाटलांकडे पिढ्यानपिढ्या जपलेला एक नारळ आहे, त्याला डोळे आणि नथ लावून, साडी नेसवून कानबाई बसवतात आणि सोमवारी नदीवर नेऊन निरोप देतात. त्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. त्या गव्हाचे रोट, म्हणजे जाडसर पोळ्या. ते बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि उरवायचेही नाहीत. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा बाहेरची. उषाबाईंची सख्खी मुलगी अपर्णा इच्छापोरला राहते. ती येते, दोन दिवस राबते, खीर खाते आणि जाते. तिलाही रोट नाही.

आणि ही नीलम, उषाबाईंची सून, पाकिस्तानचा हिरवा पासपोर्ट घेऊन सुरतेत आलेली, तिच्या नावाने पहिल्याच श्रावणात गहू निघाले. सरकारी कागदावर ती आपली व्हायला मात्र त्यानंतर पंधरा वर्षं जावी लागली. त्या पंधरा वर्षांची ही हकिकत आहे.

नीलम कराचीची. मराठी बोलणारी आणि कराचीची, असं म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. तिचे पणजोबा रत्नागिरीकडून कराची बंदरावर कामाला गेले तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. ते बिचारे परदेशी गेलेच नव्हते, परदेश मागून त्यांच्या दारात आला. त्यांच्या घरात मराठी राहिली, गणपती राहिला, ओल्या नारळाची वाटपं राहिली. फक्त शाळा उर्दू झाली.

तिच्या आईचं अर्धं माहेर फाळणीत इकडे आलं. त्यातला एक मामा आमच्या गल्लीत राहायचा. त्याच्या मुलाच्या लग्नाला नीलम आईबरोबर, शांताबाईंबरोबर, कराचीहून आली. पंगतीत वाढायला उषाबाईंचा सुकदेव होता. हा पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड सुकवायच्या मशीनवर कामाला. नीलमने त्याला 'शुक्रिया' म्हटलं, आणि मग तिच्या पानातली जिलेबी संपेचना. मी समोरच बसले होते. माझ्या पानाकडे तो एकदाही वळला नाही.

जात वेगळी, देश वेगळा. उषाबाईंनी चार दिवस तोंड फुगवलं. शेवटी नीलमच त्यांच्या दारात गेली आणि विचारलं, "तुम्हाला माझं काय पसंत नाही?"

असं कुणी तोंडावर विचारेल याची उषाबाईंना सवय नव्हती. "पसंत नही अशी गोट नही," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "तू लई दूरनी शे, बेटी."

"मग जवळ घ्या," नीलम म्हणाली.

एवढ्यावर लग्न ठरलं आणि लागलंही. शांताबाई लेकीला इथे ठेवून एकट्या परत गेल्या. निघताना त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, "तुम्ही शाळेत शिकवता ना? हिला आपली अक्षरं येत नाहीत. तेवढी शिकवा." मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होते. मला फार वाईट वाटलं, त्या बाईचंही आणि त्या पोरीचंही. अस्खलित मराठी बोलणाऱ्या मुलीला स्वतःचं नाव मराठीत लिहिता येत नव्हतं. दुपारी भांडी झाली की ती पाटी घेऊन माझ्याकडे यायची. मी तिला बाराखडी शिकवली आणि मग आम्हाला दोघींनाही कळलं की सुरतेतल्या पाट्या गुजरातीत असतात. बिचारीला आणखी एकदा सगळं शिकावं लागलं.

नीलम इथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहायची. मुदत संपत आली की पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या शाखेत जायचं, कागद वाढवून आणायचे. मधूनमधून आमच्या भागाचा हवालदार चौकशीला यायचा. सभ्य माणूस होता, दारातूनच विचारून जायचा. मुख्य अट एकच, परवानगीवाचून सुरत सोडायची नाही.

आता गंमत बघा. ही अट पाटलांच्या घरात सगळ्यांना पाठ होती आणि तरी पहिल्या श्रावणात ते तिला घेऊन गावी निघाले. गाव नंदुरबारजवळ. सुरतेतल्या खानदेशी माणसाला नंदुरबार हे बाहेरगाव वाटतच नाही. उधन्याला गाडीत बसायचं, भुईमुगाच्या शेंगा संपेपर्यंत घर येतं. सुकदेवला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "टीचर, सुरत सोडायची नाही म्हणजे दिल्ली-मुंबईला जायचं नाही. आम्ही तर घरी चाललोय."

ते गेले आणि दोन-अडीच तासांनी हवालदार आला. शेजारच्या दाराला कुलूप पाहून त्याने माझी बेल वाजवली.

"नीलमबेन क्यां गयां?"

"बहार गयां छे," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. नंदुरबार बाहेरच आहे.

तो गेल्याबरोबर मी सुकदेवला फोन लावला. गाडी नवापूरला पोचत होती. ज्यांनी ते स्टेशन पाहिलं नसेल त्यांना सांगते, त्याचा अर्धा भाग गुजरातमध्ये आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, आणि फलाटावर एक बाक आहे ज्याच्या मधोमध सीमा जाते. सगळे घाईघाईने खाली उतरले. उषाबाईंनी सुनेला दंडाला धरून त्या बाकावर गुजरातच्या बाजूला बसवलं, मध्ये पिशवी ठेवली आणि बजावलं, "आठेच बैस. तिकडे सरकू नको."

परवानगी फक्त सुरतेपुरती होती. या अर्ध्या बाकाने कायद्याचं काहीच भलं होत नव्हतं. पण उषाबाईंच्या मते गुजरात होतं तोवर पोर सुरक्षित होती. नीलम परतीच्या गाडीपर्यंत तिथे बसली आणि पिशवीलाही हात लावला नाही, असं नंतर मला तीच हसत हसत सांगत होती. त्या दिवशी हसली नव्हती. नवी नवरी, देवीच्या सणाला निघालेली, आणि तिच्यामुळे सगळ्यांचा रस्ता अडलेला. ती उषाबाईंना म्हणाली, "तुम्ही जा. मी घरी थांबते. पुढच्या वर्षी इजाजत घेऊ."

उषाबाईंनी तिच्याकडे न बघता सुकदेवला सांगितलं, "तू गावले जाय. नारळ ली ये. भाऊबंदले सांग, औंदा कानबाई सुरतले बसाडसूत."

आणि खरंच रात्रीच्या आत नारळ आला, त्याच्या मागून भाऊबंद आले. कुरकुर झाली, नीलमच्या सासऱ्यांनी, काशीरामबाबांनी, तर देवी अशी रेल्वेने हिंडवायची नसते म्हणून वाद घातला. उषाबाईंचं म्हणणं एकच, सुनेला जायची मुभा नाही, देवीला आहे. त्या वर्षी घरातल्या माणसांचे गहू मोजताना नीलमचं नाव मी माझ्या कानांनी ऐकलं. सोमवारी तापीवर कानबाईला निरोप दिला. पुढच्या आठवड्यात सुकदेव स्वतः नीलमला घेऊन पोलिसांकडे गेला, काय झालं ते सांगितलं, बोलणी खाल्ली आणि पुन्हा असं करणार नाही असं लिहून देऊन आला. दरवर्षी परवानगीसाठी हात जोडायला नकोत म्हणून कानबाई तेव्हापासून सुरतेतच बसू लागली.

भारतीयाच्या बायकोला इथे सात वर्षं राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ती सात वर्षं झाली, तिची मुलगी स्वप्ना शाळेत जाऊ लागली, आणि नीलम काही अर्ज करेना. कधी फोटो चांगला आला नाही, कधी स्वप्नाला ताप. मी मुळात चिडक्या स्वभावाची. एक दिवस मी तिला फैलावर घेतलं. तेव्हा ती म्हणाली, "टीचर, इथलं मिळायचं तर तिथलं सोडावं लागतं. पासपोर्ट गेला की मी कराचीला परकी. मग आईला भेटायला त्यांचा व्हिसा मागायचा. दिला तर दिला."

हिरव्या पासपोर्टवर ती इथून परत येण्याची परवानगी काढून एकदा कराचीला जाऊन आली होती. शांताबाई आता थकल्या होत्या, मुलाकडे, योगेंद्रकडे राहत होत्या. गुडघे गेलेले, सुरतेपर्यंत प्रवास करणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणजे भेट व्हायची तर नीलमनेच जायचं, आणि जायचं तर तो पासपोर्ट हातात असायला हवा. मी तिला चहा दिला.

मग करोनात काशीरामबाबा गावी वारले. सुकदेव कसाबसा पोचला. नीलमला परवानगी काढायलाही वेळ नव्हता, ती इथेच राहिली. सासऱ्यांनी तिला लेकीसारखं वागवलं होतं, आणि त्यांचं शेवटचं दर्शन तिला झालं नाही. तेरा दिवस ती एकटी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. उषाबाई परत आल्या तेव्हा नीलम त्यांना एवढंच म्हणाली, "इथेही पोचता येत नाही, तिथेही पोचता येत नाही. हे बास झालं." आणि तिने अर्ज केला.

तिच्या चांगल्या चालचलणुकीचं प्रतिज्ञापत्र द्यायला दोन माणसं लागतात. एक मी होते. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, ही बाई कशी आहे? मी म्हटलं, हट्टी आहे, मासे फार सुरेख करते आणि शेजाऱ्याच्या घरात काय शिजतंय ते विचारत नाही. त्यांनी यातलं काय लिहून घेतलं ते मला माहीत नाही.

बराच काळ गेला आणि पत्र आलं. अर्ज मंजूर होण्यासारखा आहे, पाकिस्तानचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला आणून द्या. घरात सगळ्यांना आनंद झाला. नीलमने एकच मागणं मागितलं. पासपोर्ट देण्याआधी एकदा आईला भेटून येते. सुकदेव लगेच हो म्हणाला. परत येण्याची परवानगी काढली, मे महिन्यात अटारीवरून जायचं ठरलं. तिने बॅग भरायला घेतली. आईसाठी दोन मऊ सुती साड्या, गुडघ्यांना बांधायचे पट्टे, आणि उषाबाईंनी आपल्या हाताने केलेल्या कुरडया. मी शांताबाईंसाठी नीलमचीच जुनी पाटी दिली. त्यावर तिने स्वतः खडूने 'आई, मला आता लिहिता येतं' असं लिहिलं, आणि पुसलं जाऊ नये म्हणून पाटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली.

एप्रिलमध्ये काश्मीरमध्ये हल्ला झाला. माणसं मारली गेली, आणि अटारीचं फाटक बंद झालं.

दोन दिवसांत हवालदार येऊन कागद बघून गेला. नीलमसारख्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावाल्यांना राहायची मुभा होती, जायचं मात्र आता कुणी बोलूच नये असं झालं. गल्लीतल्या एक-दोन बायांनी तिच्याकडे बघायचं बंद केलं. त्यांच्याशी मी अजून बोलत नाही. बॅग कपाटावर गेली.

नीलमपुढे आता दोनच रस्ते होते. पासपोर्ट तसाच ठेवायचा आणि फाटक उघडायची वाट बघायची, म्हणजे इथलं हातातोंडाशी आलेलं राहून जाणार. नाहीतर पासपोर्ट देऊन टाकायचा, म्हणजे आईला पुन्हा बघण्याची आशा जवळजवळ सोडून द्यायची. सुकदेव म्हणाला, तू ठरव, मी काही म्हणणार नाही. उषाबाईही गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं. नीलम जेवताना हात थांबवून बसायची. पोरीची ती अवस्था मला बघवत नव्हती.

एका रविवारी मी तिथेच बसले असताना कराचीहून व्हिडिओ कॉल आला. नीलमने आईला सगळं सांगितलं. शांताबाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो पासपोर्ट उराशी धरून तू तिथे बसणार आणि मी इथे. बाळा, दोघींपैकी एकीचं तरी काम होऊ दे."

"आणि तू?"

"मी आहे की. रोज दिसते ना तुला? चेहरा तोच आहे. पाय नाही दिसत, ते बरंच आहे, सुजलेत." असं म्हणून त्या हसल्या. मग फोन योगेंद्रच्या हातात दिला आणि परत घेतला नाही.

पासपोर्ट दिल्लीला, पाकिस्तानच्या वकिलातीत गेला. दाखला यायला महिने लागले. त्या महिन्यांत ती कागदोपत्री कुठल्याच देशाची नव्हती. रोज सकाळी स्वप्नाचा डबा मात्र करत होती.

यंदा आषाढात कलेक्टर कचेरीतून बोलावणं आलं. मीही गेले, मला कुणी नको म्हटलं असतं तरी गेले असते. शपथ घेताना तिच्यापुढे छापील कागद ठेवला. तिच्याबरोबर शपथ घेणाऱ्या दोघांना साहेब एकेक ओळ सांगत होते आणि ते मागून म्हणत होते. नीलमने कागद हातात घेतला आणि न अडखळता स्वतः वाचला, हिंदीत, आपल्या अक्षरांत. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. घरी आल्यावर उषाबाईंनी प्रमाणपत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "आते गावले जाता यी ना?"

म्हणून यंदा कानबाई पुन्हा गावी बसली. आम्ही सगळे उधन्याहून गाडीत बसलो. सोबत मलाही नेलं, बघायला, खायला नव्हे, हे उषाबाईंनी गाडीत चढायच्या आधीच स्पष्ट केलं. नवापूर आलं तेव्हा नीलम खिडकीशी होती. तो बाक तिथेच होता, त्यावर दोन माणसं वडापाव खात बसली होती. गाडी हलली आणि स्टेशनाचा दुसरा अर्धा भाग मागे गेला. स्वप्ना शेंगा सोलत होती.

गावात शनिवारी दुपारी सगळ्या भाऊबंदांसमोर उषाबाई गहू मोजायला बसल्या. समोर सूप, शेजारी गव्हाचा डबा. नाव घ्यायचं, सव्वा मूठ सुपात टाकायची. सुकदेव. नीलम. स्वप्ना. दीर, पुतणे, त्यांच्या बायका, पाळण्यातलं पोर. नावं संपली. अपर्णा सूप उचलायला वाकली, तर उषाबाईंनी तिचा हात बाजूला केला. पुन्हा मूठ भरली आणि म्हणाल्या, "शांताबाई."

मग अपर्णाच बोलली. तिला बोलायचा हक्क होता, इतक्या वर्षांत तिला स्वतःला कधी सव्वा मूठ मिळाली नव्हती. "आई, ती आपला कुळनी नही."

"नही," उषाबाई म्हणाल्या. मूठ अजून डब्यावर तशीच होती. "तिनी आपली पोटनी पोर आपले दिधी. मी तिले काय दिधं?" आणि त्यांनी गहू सुपात सोडले, वर पाव मूठही टाकली. "अपर्णा, तुनी मूठबी मी आज टाकस. आते बठा चूप ऱ्हावा."

माझं नाव काही त्यांनी घेतलं नाही. मी वाट बघत होते, हे कबूल करते.

रविवारी कानबाई बसली, आरती झाली, पानं मांडली. खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, रोट. अपर्णा पहिला घास तोंडात घालून नुसती बसून राहिली. नीलमने आपला रोट संपवला तेव्हा उषाबाईंनी दुसरा तिच्या पानात ठेवला. "हाऊ तुनी मायना. ती येवाव नही, तू खाय."

नीलमने भिंतीला टेकवून फोन लावला. गावात नेटवर्क कमी, चित्र अडखळत होतं, पण शांताबाई दिसल्या. नीलमने रोट वर धरून दाखवला, कुणाच्या नावाचा आहे ते सांगितलं. शांताबाईंना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी विचारलं, "काय म्हणतेस?"

"तुझा आहे, आई," नीलम म्हणाली. "तुझ्या वाटचा."

शांताबाईंनी चष्मा पुसला आणि फोनच्या अगदी जवळ आल्या, एवढ्या की नुसतं कुंकवाविना कपाळ आणि डोळे दिसत होते. "मग खा," त्या म्हणाल्या. "मी बघते."

नीलमचं पोट भरलेलं होतं. तरी ती खात राहिली, आईकडे बघत, हळूहळू, मध्येच चित्र थांबलं तर तीही थांबत होती. शेवटचा तुकडा तिने खिरीत बुडवून खाल्ला. रोट उरवायचा नसतो.